विरोध गृहीत धरण्यापूर्वी

सातपूर, नाशिक

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सांगितलेस की, तुमच्या कारखान्यात पुढच्या महिन्यापासून प्रत्येक मशीनवरची नोंद टॅबवर होणार आहे आणि ‘लोक विरोध करणार, हे आम्ही गृहीतच धरले आहे’. ते ऐकून मला रात्री स्वस्थ झोप लागली नाही, कारण सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर असताना मीही एका अहवालात हेच लिहिले होते.

तेव्हा टूल बदलण्याचे वेळापत्रक आमच्याकडे जॉब कार्डावर छापून आले. इन्सर्ट, म्हणजे टूलचे कापणारे टोक, 60 नगांनंतर बदलायचा, आधी नाही आणि नंतरही नाही. आमचे एक जुने टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते कार्ड बाजूला ठेवून कापाचा आवाज ऐकत आणि कधी 40 नगांवर, तर कधी 70 नगांवर इन्सर्ट बदलून खिशातल्या निळ्या डायरीत काहीतरी टिपून ठेवत. मी त्यांच्या नावापुढे ‘बदलास विरोध’ असे लिहून सही केली. अण्णांनी निमूटपणे कार्डाप्रमाणे काम सुरू केले आणि दोन महिन्यांत रिजेक्शन वाढले. डायरी मागून घेतली तेव्हा उमगले की, दोन पुरवठादारांकडून येणाऱ्या धातूच्या बारच्या कठीणपणात फरक होता आणि कोणत्या बारवर टूल लवकर झिजते याचा तारीखवार हिशेब त्यांनी ठेवला होता. कार्ड तयार करणाऱ्यांना तो ठाऊक नव्हता, कारण अण्णांना कोणी विचारलेच नव्हते. त्या सहीची खंत मला आजही आहे.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या हारवुड या पायजम्यांच्या कारखान्यातला एक अभ्यास लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केला. इस्त्री करणाऱ्या एका गटाच्या कामातला बदल अगदी किरकोळ होता: अर्धा डझन कपडे पुठ्ठ्यावर रचण्याऐवजी खोक्यात रचायचे. या गटाला बदल नुसता सांगितला गेला. त्यांचे उत्पादन घसरले ते वर आलेच नाही आणि 40 दिवसांत 17 टक्के कामगार नोकरी सोडून गेले. ज्या गटांतल्या सर्वांनी आपल्या कामातला बदल आखण्यात भाग घेतला, ते लवकर सावरले आणि पूर्वीच्या उत्पादनाच्याही सुमारे 14 टक्के पुढे गेले.

मला वाटते, यातले मर्म वेळेत आहे. वरच्या केबिनमध्ये एखादा बदल महिनोन्‌महिने चर्चिला जातो, त्यावर वाद होतात, शंका निघतात, आराखडे फाडले जातात, आणि या सगळ्यात साहेब मंडळींचे मन हळूहळू तयार होते. खालच्या माणसाला मात्र नोटीस बोर्डावरचा एक कागद मिळतो. मग त्याने पहिल्या दिवशी विचारलेला जो प्रश्न, तोच तुम्ही चार महिन्यांपूर्वी एकमेकांना विचारलेला असतो. पण त्याच्या तोंडी आला की त्याला विरोध म्हणायचे, हा न्याय नव्हे.

दुसरे असे की, बदल घडवणारा स्वतः काय सोडतो, तेही लोक पाहतात. आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचे उदाहरण आठव. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या, पाणी मोजून घेण्याची पद्धत रुजवली आणि कालव्याच्या शेवटच्या टोकालाही पाणी पोहोचू लागले. हे घडायला पाटबंधारे खात्याला पाणीवाटपाचा आपला अधिकार सोडावा लागला. पुढे 2005 मध्ये शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा कायदाच राज्याने केला. अधिकार सोडणे हा त्या बदलातला सर्वांत अवघड भाग होता, असे मी मानतो.

म्हणून तुला विचारतो: टॅब आल्यावर कामगाराची वही जाणार आहे, तुमचे काय जाणार आहे? त्याने टॅबवर नोंदवलेली अडचण किती तासांत सोडवायची, याचे बंधन तुम्ही स्वतःवर घालून घेतले आहे का?

तारीख पंधरा दिवस पुढे ढकलता आली तर ढकल. रात्रपाळीला जाऊन बस, जुन्या माणसांच्या वह्या मागून वाच आणि त्यांत जे टॅबच्या रकान्यांत बसत नाही ते मला कळव.

तुझा,
बाबा