रांग आपल्या दारात लागली पाहिजे

संपादक महोदय,

शाळा, गृहनिर्माण संस्था किंवा अभ्यासिका यांच्याकडून इंटरनेट मंद असल्याची तक्रार आली की तिच्यावर ठरलेला एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे मोठा प्लॅन घेणे. नौपाड्यातील एका अभ्यासिकेत मी संगणकांची देखभाल विनामोबदला करतो. गेल्या पावसाळ्यात हा उपाय आम्ही पैसे मोजून करून पाहिला आणि फसलो. दोष ना कंपनीचा होता ना तारेचा. तो आमच्याच फायरवॉलच्या, म्हणजे आतले जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामधल्या पहारेकरी यंत्राच्या, मांडणीत होता. तो सापडायला आम्हाला दोन महिने लागले, म्हणून हे पत्र.

रोज संध्याकाळी सातच्या सुमारास मुलांच्या थेट तासिकांचा आवाज तुटू लागे आणि कार्यालयाचा इंटरनेटवरचा फोन निरुपयोगी होई. वेगचाचणीत मात्र डाउनलोड नव्वद एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) वर दिसत असे. समितीने १०० चा प्लॅन २०० चा केला; आठवड्याभरात तक्रारी जशाच्या तशा परत आल्या. मग एका संध्याकाळी पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजणारी चाचणी, लावून बसलो. एरवी १२ मिलिसेकंदांत येणारे उत्तर, ग्रंथालयाच्या नोंदींचा बॅकअप सुरू झाल्याबरोबर ८०० मिलिसेकंदांवर गेले. नव्या प्लॅनमध्ये डाउनलोड दुप्पट झाले होते, अपलोड पूर्वीइतकेच, म्हणजे १० एमबीपीएस राहिले होते. कॅमेऱ्यांचे चित्रण आणि बॅकअप हे दोघे मिळून ते काठोकाठ भरत. मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे पाठवायच्या माहितीच्या तात्पुरत्या साठ्यात, एक मेगाबाइट (आठ मेगाबिट) साचला, तर १० एमबीपीएसच्या तारेवरून तो रिकामा व्हायला सुमारे ०.८ सेकंद लागतो, आणि मागून आलेल्या आवाजाच्या इवल्याशा पॅकेटलाही, म्हणजे माहितीच्या तुकड्यालाही, तेवढे थांबावे लागते. संभाषण सहज चालायचे असेल तर एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. शिवाय डाउनलोड होणाऱ्या प्रत्येक फाइलची पोच याच अपलोडच्या वाटेने परत जाते. चाळीस बाइटांची ती पोच बॅकअपच्या मागे अडकली की पलीकडचा सर्व्हर पुढचे पॅकेट पाठवायला कचरतो, आणि भरपूर मोकळे असलेले डाउनलोडही मंद वाटू लागते.

फायरवॉलमध्ये अग्रक्रमाचे नियम नव्हते असे नाही. ते बसवून देणाऱ्या माणसाने तासिकांना आणि फोनला वरचा क्रमांक दिलेला होता. पण त्या क्रमांकाचा काही उपयोग होत नव्हता. कारण ठाणेकरांना लगेच पटेल. कोपरीचा रेल्वे पूल रुंद होण्यापूर्वी सकाळी मुंबईकडे जाणारी गाड्यांची रांग पुलाच्या तोंडाशी लागत असे. अशा वेळी वाहतूक हवालदार पुलाच्या बराच अलीकडे, माजिवड्याला, उभा करून त्याला सांगितले की रुग्णवाहिका आधी सोड, तर तो काय करणार? त्याच्यापुढचा रस्ता मोकळा असल्यामुळे तो सगळ्यांनाच सोडतो आणि रुग्णवाहिका पुढे पुलाशी जाऊन अडकते. आमच्या फायरवॉलपासून मोडेमपर्यंतची जोडणी १००० एमबीपीएसची आहे आणि मोडेमच्या पुढे अपलोडची वाट १० ची. फायरवॉलपाशी रांगच लागत नव्हती, मग रांगेतून निवड कोणाची करायची? हवालदाराच्या हाती सत्ता द्यायची असेल तर पूल जितक्या गाड्या वाहू शकतो त्याहून थोड्या कमी गाड्याच त्याने सोडल्या पाहिजेत, म्हणजे रांग त्याच्यासमोर लागेल. आम्ही फायरवॉलची अपलोड मर्यादा ९ एमबीपीएस केली. एक एमबीपीएस जाणूनबुजून सोडून द्यायचे हे समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांना आजही मान्य नाही. पण मोडेममधील साठा त्याच दिवशी नाहीसा झाला.

रांग ताब्यात आल्यावर वाटणीचा प्रश्न येतो. केवळ क्रमांक लावले, म्हणजे वरच्याचे संपेपर्यंत खालच्याने थांबायचे असा कडक नियम केला, तर वरचा वर्ग सतत बोलत राहिल्यास खालचा उपाशी मरतो. उलट प्रत्येकाला ठरावीक हिस्सा कायमचा तोडून दिला, तर दुपारच्या लोकलसारखी गत होते: पहिल्या वर्गाचा डबा जवळजवळ रिकामा आणि शेजारच्या दुसऱ्या वर्गात पाय ठेवायला जागा नाही. या दोहोंमधून वाट काढते ती श्रेणीबद्ध वाटणी, म्हणजे झाडासारखी फांद्या-डहाळ्यांची वाटणी: प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला, पण तो रिकामा असेल तर शेजाऱ्याला वापरता येतो. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९५ मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. १९९७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील इयॉन स्टॉइका, हुई झांग आणि युजीन एन्ग यांनी तिला जे रूप दिले ते एचएफएससी या नावाने ओळखले जाते आणि आमच्या पीएफसेन्स फायरवॉलमध्ये तेच वापरले आहे.

आमच्या ९ एमबीपीएसच्या झाडाला तीन फांद्या आहेत: विद्यार्थी ५, कार्यालय अडीच, बॅकअप आणि कॅमेरे दीड. विद्यार्थ्यांच्या फांदीला पुन्हा दोन डहाळ्या, थेट तासिका ३ आणि इतर वापर २. थेट तासिका नसतील तेव्हा त्यांचे ३ एमबीपीएस आधी त्याच घरात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या इतर वापराला मिळतात. घरात कोणालाच नको असेल तर ते बाहेर पडतात आणि कार्यालय व बॅकअप यांच्यात ५ : ३ या प्रमाणात विभागले जातात. रात्री दहानंतर अभ्यासिका बंद झाली की संपूर्ण ९ एमबीपीएस बॅकअपला मोकळे असतात. त्याच्यावर आम्ही वरची मर्यादा मुद्दाम घातलेली नाही, कारण उधारी इथे व्याजाविना आहे: मूळ मालक परत आला की त्याचा हिस्सा लगेच त्याच्या हाती येतो.

एचएफएससीचे खरे वैशिष्ट्य याहून सूक्ष्म आहे आणि बहुतेक जण तिथेच गोंधळतात. बँडविड्थचे वचन (सेकंदाला किती माहिती जाईल) आणि विलंबाचे वचन (ती किती वेळात जाईल) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यालयाच्या फोनचा आवाज दर २० मिलिसेकंदांना शीर्षकासह (पत्त्याच्या माहितीसह) २०० बाइटांचे एक पॅकेट पाठवतो, म्हणजे ८० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). फोनला तेवढीच बँडविड्थ राखून दिली, तर त्या दराने एक पॅकेट बाहेर पडायला पूर्ण २० मिलिसेकंद लागू शकतात. ते ५ मिलिसेकंदांत बाहेर पडावे असे वाटत असेल, तर जुन्या पद्धतीत ३२० केबीपीएस, म्हणजे गरजेच्या चौपट जागा कायमची अडवावी लागते. एचएफएससीमध्ये सेवेची रेषा, म्हणजे कोणत्या वेळी किती दराने पाठवायचे हे सांगणारा आलेख, दोन उतारांची करता येते: पहिली ५ मिलिसेकंद ३२० केबीपीएस आणि त्यानंतर ८०. पॅकेट वेळेत जाते आणि जागा अडत नाही. मात्र हे वेळेचे वचन झाडाच्या टोकाच्या पानालाच देता येते, मधल्या फांदीला नाही, आणि अशा सर्व वचनांची बेरीज तारेच्या क्षमतेपलीकडे गेली तर एकाचीही खात्री उरत नाही. आम्हाला फायरवॉल बसवून देणाऱ्याने प्रत्येक रांगेपुढे वेळेची हमी लिहून ठेवली होती. सगळ्यांनाच घाई असली म्हणजे घाई कोणालाच नसते.

या व्यवस्थेच्या मर्यादाही आहेत. बाहेरून येणारी पॅकेटे आपल्या दारी पोचतात तेव्हा त्यांनी अरुंद वाट आधीच ओलांडलेली असते. फायरवॉल त्यांना आतल्या बाजूला थोडे रोखून किंवा टाकून देऊन पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावू शकते, पण हा इशारा झाला, हुकूम नव्हे. नियम बदलल्यावर आधीपासून चालू असलेली जोडणी जुन्याच रांगेत राहते, त्यामुळे जोडण्यांची यादी पुसल्याशिवाय बदलाची परीक्षा घेऊ नये. एक अख्खी संध्याकाळ मी यात वाया घालवली. आणि हल्ली मनोरंजनाचा व्हिडिओ असो वा बँकेचे संकेतस्थळ, जवळजवळ सारे ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून (संगणकाच्या क्रमांकित दारावरून) जाते, त्यामुळे पोर्ट पाहून वर्गवारी करण्याचे दिवस बरेचसे सरले आहेत. थेट तासिकांपुरता तो मार्ग अजून खुला आहे, कारण झूमचा आवाज आणि चित्र यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीच्या ८८०१ ते ८८१० या पोर्टांवरून आणि गूगल मीटचे ३४७८ व १९३०२ ते १९३०९ वरून जाऊ शकते. बाकीच्यांसाठी आम्ही माणसे ओळखण्याऐवजी यंत्रे ओळखतो: बॅकअपचा संगणक आणि कॅमेऱ्यांची पेटी यांचे नेटवर्कमधले पत्ते ठरलेले आहेत, तेवढी दोन बाजूला काढली की अर्धे काम होते.

हा भेदभाव नव्हे का, असे एका विद्यार्थ्याने विचारले, आणि प्रश्न योग्य होता. इंटरनेट पुरवठादाराने मजकूर पाहून दरात भेद करू नये असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये ठरवले आणि जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे सगळ्या मजकुराला समान वागणुकीची, तत्त्वे मान्य केली. ती बंधने पुरवठादारावर आहेत. घरातल्या तारेची वाटणी घरच्यांनी करायची असते; मात्र ती सर्वांना दिसेल अशी असावी, हे त्या मुलाचे म्हणणे आम्ही मान्य केले.

माझी सूचना एवढीच आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील ज्या संस्था इंटरनेटसाठी निविदा किंवा दरपत्रके मागवतात, त्यांच्या कागदावर डाउनलोडच्या आकड्याखेरीज काही नसते. त्यात अपलोडचा आकडा, तार पूर्ण भरलेली असताना मोजलेला विलंब, आणि फायरवॉल बसवणाऱ्याने रांगांचे झाड लेखी द्यावे ही अट, अशा तीन ओळी वाढवाव्यात. आमचे झाड आता मराठीत लिहून सूचना फलकावर लावले आहे. बॅकअपची वेळ अर्धा तास पुढे ढकलावी, अशी पहिली दुरुस्ती त्यावर मुलांनीच पेन्सिलीने सुचवली आहे आणि ती येत्या सोमवारपासून अमलात येईल.

आपला विश्वासू,
अभ्यासिकेचा एक स्वयंसेवक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)