चापडगावच्या काकांचे आणि गाईड दादाचे आभार

आई-अण्णांना घेऊन नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला गेलो होतो. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा हा जलाशय म्हणजे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण आम्ही नाशिककर घरी पाहुणे आल्याशिवाय तिकडे फिरकत नाही, हेही खरं!

वाटेत आईच्या चपलेचा अंगठा तुटला. शेजारच्या उसाला पाणी भरणारे एक काका चिखलातून वर आले. खिशातून तारेचा तुकडा काढला, तळातून ओवला, पीळ मारला आणि टोक आत दुमडलं, "पायाला टोचायला नको" म्हणून. पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. वर आम्हालाच ताकीद: "मावशींना मनोऱ्यावर हळू चढवा!"

मनोऱ्यावरच्या गाईड दादानं अण्णांसाठी दुर्बिणीची तिवई खाली घेतली आणि पाणवेलीवर चालणाऱ्या जांभळ्या पाणकोंबडीचे लालसर, लांबच लांब पाय दाखवले. मागे रांग लागली होती, तरी त्यानं घाई केली नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अण्णा एवढे खूश पहिल्यांदाच दिसले.

काका, दादा, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. पुढच्या थंडीत परत येतोय, तेव्हा चहा आमच्याकडून.