पाकिस्तान आम्ही छापलंय

प्रिय रव्या,

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. व्हॉट्सअॅपवर लिहिता आलं असतं, पण सोबत एक वस्तू पाठवायची होती आणि ती फोनमधून जात नाही. शिवाय गणपतीत आलो होतो तेव्हा बिटकोच्या चौकात आपलं जे वाजलं, ते माझ्या डोक्यातून जाईना. ‘शारजात राहून तू पाकिस्तान्यांचाच झालास’ म्हणालास आणि स्कूटरला किक मारून गेलास. चहाचे पैसे मी दिले, हे जाता जाता सांगून ठेवतो.

तुझ्या रागाबद्दल मला काही म्हणायचं नाही. तुझा दादा पूंछला सीमेवर होता, तेव्हा तुमच्या घरी फोन वाजला की काकू कशा उठून उभ्या राहायच्या, ते मी बघितलंय. माझं भांडण तू पाठवतोस त्या फॉरवर्डशी आहे. रागावायचं तर नीट माहिती घेऊन रागावू. आपली माहिती किती कच्ची आहे ते मला इथे आल्यावर कळलं, आणि कळलं ते सगळं फजिती होऊनच.

पहिली रात्र सांगतो. कंपनीच्या खोलीत आम्ही सहाजण. मी बॅग टाकून स्वयंपाकघरात गेलो, तर फैसलाबादचा एकजण भलं मोठं पातेलं ढवळत उभा. त्याने ‘आओ जी, खाना खाओ’ म्हटलं. पातेल्यात काय असणार ते मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. ‘जेवून आलोय’ असं खोटं बोललो आणि आईने दिलेली भाकरी-चटणी बाहेर जिन्यात बसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी कळलं की ती मसूर डाळ होती. हे लोक तिन्ही त्रिकाळ गोश्त खातात असं आपण समजतो. अरे, मटण घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाला परवडतं का? शुक्रवारी कोंबडी, उरलेले दिवस डाळ, भेंडी आणि बटाटा. त्याची डाळ माझ्यापेक्षा चांगली होते, फोडणीला तो लसूण जरा जास्तच करपवतो एवढंच.

मग भाषा. मला वाटायचं सगळे उर्दूच बोलत असणार. खोलीतले तिघे पाकिस्तानी, तिघांच्या मातृभाषा वेगळ्या आणि एकाचीही उर्दू नाही. 2017 च्या त्यांच्या शिरगणतीत उर्दू मातृभाषा सांगणारे सात टक्क्यांच्या आसपास, पंजाबी सांगणारे 39 टक्के. मग पश्तो, सिंधी, सरायकी, बलुची. जिन्नांनी 1948 साली ढाक्यात जाऊन राज्याची भाषा उर्दूच राहील असं ठणकावलं, तिथूनच बंगाली माणूस बिथरायला लागला. फैसलाबादवाला घरच्यांशी पंजाबीत बोलतो. आमच्याकडे जालंधरचे एक सरदारजी आहेत, त्यांचं आणि त्याचं जेवढं जमतं तेवढं माझं दोघांशीही नाही. फैसलाबाद म्हणजे जुनं लायलपूर. तिथल्या कालव्याकाठच्या गावांना नावाऐवजी नंबर असतात, चक नंबर अमुक. सरदारजींना आजोबांच्या चकचा नंबर तोंडपाठ. तो फैसलाबादवाल्याने गेल्या सुट्टीत जाऊन शोधला आणि तिथल्या विहिरीचा व्हिडिओ काढून आणला. सरदारजींनी तो बघितला, फोन परत दिला आणि अंघोळीला निघून गेले. तासभर बाहेर आले नाहीत.

आमचा ड्रायव्हर पेशावरकडचा पठाण. उर्दू बोलताना शब्दांचं लिंग त्याचं माझ्या हिंदीइतकंच ढासळलेलं. मी ‘मेरा चाय’ म्हणतो, कारण आपला चहा ‘तो’. तोही ‘हमारा चाय’ म्हणतो. फैसलाबादवाला दोघांनाही सुधारतो, आणि आम्ही दोघेही पुन्हा तेच म्हणतो.

आता तुझा सगळ्यात आवडता फॉरवर्ड. ‘1947 ला पाकिस्तानात 23 टक्के हिंदू होते, आज दोन टक्के उरले. बाकीचे गेले कुठे?’ या आकड्यात गफलत आहे रव्या, आणि मीही ती वर्षानुवर्षं पुढे ढकलली. 1951 च्या शिरगणतीत 22 टक्के हिंदू होते ते पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात. आज जो पाकिस्तान आहे, त्या पश्चिम भागात तेव्हाही दीड टक्क्याच्या आसपासच. 2017 मध्ये दोन टक्क्यांच्या जरा वर. म्हणजे तिकडचा हिंदू आणि शीख उखडला गेला तो मुख्यतः 1947 च्या त्या काही महिन्यांत, रक्तपाताने, आणि त्याच महिन्यांत आपल्या बाजूच्या पंजाबातला मुसलमानही तसाच उखडला गेला. बांगलादेशातला आकडा पुढे घटत घटत आठ टक्क्यांवर आला, हे खरं आणि दुःखाचंही. पण दोन देशांचे आकडे एका ओळीत बांधून तिसरंच काहीतरी सिद्ध करायचं, हा कुठला हिशेब? तू बँकेत आहेस, दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम अशी फिरवलीस तर नोकरी जाईल.

आणि हे मला कोणी शिकवलं? आमच्या खोलीतल्या तिसऱ्या पाकिस्तान्याने. तो आला तेव्हा मी त्याचा हिरवा पासपोर्ट बघितला आणि गप्प झालो. आठ दिवसांनी पहाटे पाणी प्यायला उठलो, तर हा कॉटवर बसून हनुमान चालीसा पुटपुटतोय. सिंधमधल्या उमरकोटचा सोढा राजपूत. अकबराचा जन्म ज्या उमरकोटला झाला, तेच. त्या जिल्ह्यात आजही निम्म्याहून जास्त वस्ती हिंदू. मी त्याला वेड्यासारखं विचारलं, ‘तू हिंदू, मग तिकडे कसा?’ त्याने उलट विचारलं, ‘तू नाशिकला कसा?’

त्याने गोड गोड काही सांगितलं नाही, हे तुला मुद्दाम लिहितो. त्यांच्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष किंवा पंतप्रधान मुसलमानच हवा. सिंधमध्ये कोळी-मेघवाड अशा गरिबांच्या पोरी पळवून धर्मांतर करून लग्नं लावतात, त्या बातम्या खऱ्या आहेत असं तो म्हणाला. 1992 च्या डिसेंबरात अयोध्येची बातमी गेली आणि तिकडे कितीतरी देवळांवर जमाव चालून गेले, तेव्हा तो लहान होता. घराला बाहेरून कुलूप लावून शेजारच्या मुसलमान कुटुंबाने यांना दोन रात्री आपल्याकडे ठेवलं. जमाव आणि शेजारी, दोन्ही गोष्टी त्याने एकाच आवाजात सांगितल्या.

त्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. सोढे सगळे एका कुळाचे, आपसात लग्न चालत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक राजस्थानात. याची थोरली बहीण जोधपूरकडे दिलीय. 2006 साली खोखरापार-मुनाबाव मार्गे थर एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हा या लोकांचं माहेर परत आलं, आणि ऑगस्ट 2019 मध्ये ती बंद पडली. तेव्हापासून हा बहिणीला भेटलेला नाही. राखी इथे येते, जोधपूरहून शारजाला, माझ्या नावावर. पाकिस्तानी नावाने नको, असं तिच्या सासरचे म्हणतात.

गैरसमज एकाच बाजूचे असतात असं समजू नकोस. फैसलाबादवाल्याला वाटायचं भारतात मुसलमान थोडेथोडके उरलेत आणि चोरून नमाज पढतात. 2011 च्या शिरगणतीत 17 कोटी आहेत म्हटल्यावर त्याने फोनवर तपासून बघितलं, माझ्यावर विश्वास कुठला. आपण सगळे शाकाहारी हेही त्याने गृहीत धरलेलं. मी बोंबील तळले त्या दिवशी बिचारा वासानेच हिंदुस्तानबद्दलचं मत बदलून बसला. मराठी म्हणजे हिंदीची गावठी बोली, हे मात्र त्याच्या डोक्यातून अजून काढता आलेलं नाही. तरी त्याला सांगितलं की 1936 पर्यंत तुमचं सिंध आमच्या मुंबई इलाख्यात होतं, कराचीतली 1855 सालची नामांकित शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या आमच्या माणसाच्या नावाने आजही ओळखतात, आणि कराचीतली मराठी कुटुंबं अजून गणपती बसवतात. ‘अच्छा?’ म्हणाला आणि बोंबलाचा वास जायला खिडकी उघडली.

ते आपल्यापेक्षा कायमचे भिकारी, हे एक राहिलं. तसं नाही. आज आपण बरेच पुढे आहोत, पण दरडोई उत्पन्नात हे शतक उजाडलं तेव्हाही ते आपल्या जरा वरच होते. बस, एवढंच.

आता पाकिटातली वस्तू. आमचे अण्णा आठवतात ना? नाशिकरोडच्या नोटा-तिकिटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, ओट्यावर बसून आपल्याला दटावायचे. ‘पाकिस्तान आम्ही छापलंय’ म्हणायचे आणि आपण मागे जाऊन त्यांच्या थापांना हसायचो. थाप नव्हती रे. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःचा नोटांचा छापखाना नव्हता. 30 जून 1948 पर्यंत आपली रिझर्व्ह बँकच त्यांचीही बँक होती. इंग्रज राजा सहाव्या जॉर्जचं डोकं असलेल्या आपल्याच नोटांवर वर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ छापून तिकडे गेल्या, त्या आपल्या नाशिकरोडहून. टपाल तिकिटांचंही तेच. जगभरातले तिकीटवाले त्यांना ‘नाशिक ओव्हरप्रिंट’ म्हणतात. अण्णांच्या हातांना ती शाई लागली असेल, आणि आपण हसत होतो.

सोढ्याच्या आजोबांचं उमरकोटला किराण्याचं दुकान. त्यांच्या जुन्या कागदांतल्या एका पाकिटाचा कोपरा त्याने मला कापून दिला, नाशिकचं नाव मी काढलं म्हणून. एक आण्याचं लाल तिकीट, जॉर्जचं, वर काळ्या अक्षरांत ‘पाकिस्तान’. शिक्का पुसट आहे, 48 तेवढं वाचता येतं. त्याच्याकडे 1948 च्या जुलैतलं त्यांचं पहिलं स्वतःचं तिकीटही आहे. त्यावर स्वातंत्र्याची तारीख बघ काय छापलीय: 15 ऑगस्ट 1947. ‘ते आपल्या एक दिवस आधी स्वतंत्र झाले’ यावर आठवीत तू माझ्याशी दोन रुपयांची पैज जिंकली होतीस. कायद्यात दोघांनाही 15 तारीखच होती, 14 त्यांनी नंतर धरली. ते तिकीट मात्र तो देत नाही, त्याचा फोटो पाठवतो. दोन रुपये चहाच्या पैशात धर.

लाल तिकीट आपल्या जुन्या वहीत लाव. कागदावरून सोडवायला कोमट पाण्यात ठेव, ओढू नकोस, उजव्या कोपऱ्यातले दोन दात आधीच गेलेत. आणि डिंक लावू नकोस, मागच्या वेळी भूतानचं सगळं पान तू डिंकानेच घालवलंस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
पक्या