तिरंगा उतरवायचा कधी?

संपादक महोदय,

१५ ऑगस्टला गॅलरीत लावलेला तिरंगा अनेक इमारतींवर गणपती येऊन गेले तरी तसाच असतो: कडेने उसवलेला, केशरी रंग विटलेला. हटकले तर उत्तर तयार असते, ‘आता रात्रीही ठेवता येतो.’ ते खरेच आहे. ध्वजसंहिता म्हणजे राष्ट्रध्वज वापरण्याची सरकारी नियमावली. तिच्या जुलै २०२२ च्या दुरुस्तीने घरावर रात्रंदिवस ध्वज फडकवण्याची मुभा मिळाली. त्याआधी सूर्योदय ते सूर्यास्त हा दंडक होता. मात्र फाटका वा चुरगळलेला ध्वज लावू नये, हा ध्वजसंहितेतला नियम जागचा हललेला नाही. पूर्वी ध्वज रोज संध्याकाळी हातात यायचा, त्यामुळे उसवण दिसायची. आता ते राहून जाते. निदान आठवड्याने तो उतरवून पाहावा. पावसात भिजणे हा अवमान नव्हे. ओला, लोंबता ध्वज ग्रिलला घासून फाटू देणे हा आहे.

ग्रिलला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी ध्वज आवळू नये, तिथूनच कापड फाटते. काठीला लावून काठी गॅलरीबाहेर तिरकी काढली, तर केशरी पट्टा काठीच्या बाहेरच्या टोकाकडे हवा. ध्वज उभा सोडला, तर रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी यायला हवा, म्हणजे गॅलरीतून बाहेर तोंड करून उभे राहणाऱ्याच्या उजव्या हाताला. निम्म्या चुका इथेच होतात, कारण लावणारा आत उभा असतो.

उतरवलेला ध्वज ओला घडी करू नये. सुती कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. इतर कपड्यांत न मिसळता, सावलीत पसरून वाळवावा. घडी दोघांनी घालावी. ध्वज आडवा, ताणून धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग दोन्ही बाजू मध्याकडे आणून वर फक्त अशोकचक्र आणि दोन रंगांची थोडी पट्टी दिसेल अशी घडी करायची. ती तळहातांवर न्यायची, काखेत नाही.

सोसायटीच्या खांबावर मात्र फजिती होते ती दोरीमुळे. काथ्याची दोरी पावसाने फुगून कप्पीत अडकते. नायलॉनची घसरते आणि गाठ आधीच सुटते. जाड सुती दोरी बरी. तिची दोन्ही टोके एकमेकांना बांधून ठेवावीत, नाहीतर एक टोक हातून सुटून थेट कप्पीपाशी जाते. ध्वजाच्या बाहीत, म्हणजे दोरीकडच्या शिवलेल्या पट्टीत, वरच्या टोकाला लाकडी गुल्ली असते, ती केशरी बाजू. बांधताना ती पाहिली की उलटा ध्वज फडकत नाही. गुंडाळलेल्या ध्वजाची गाठ एकाच झटक्यात सुटणारी, सैलसर. आत मूठभर कोरड्या पाकळ्या पुरे. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात आणि ध्वज गुंडाळलेलाच राहतो. तसे झाले तर हिसके देऊ नयेत, बाही फाटते. ध्वज सावकाश खाली घेऊन गाठ सोडवावी, तोवर राष्ट्रगीत थांबवावे. १४ तारखेला एकदा ओढून पाहिले तर ही वेळ येत नाही.

जीर्ण ध्वजाचे काय करायचे, हे फार कमी जणांना ठाऊक असते. तो फाडून फडकी करायची नाहीत आणि कचऱ्याच्या गाडीतही टाकायचा नाही. संहितेप्रमाणे तो अखंड, खाजगीत, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखणाऱ्या दुसऱ्या रीतीने नष्ट करावा. खादीचा ध्वज पत्र्याच्या स्वच्छ घमेल्यात पाचएक मिनिटांत राख होतो. पॉलिएस्टरचा वितळून गोळा होतो आणि काळा धूर सोडतो. डिसेंबर २०२१ पासून पॉलिएस्टरला परवानगी आहे, तो स्वस्तही पडतो. पण आमच्या मते शेवटाचा विचार करून सुतीच घ्यावा. नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात, फार दूर जायला नको. घेताना लांबी रुंदीच्या दीडपट आहे का आणि चक्र दोन्ही बाजूंनी गोल, २४ आऱ्यांचे आहे का, एवढे मोजावे. ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या ध्वजावर चक्राचा व्यास १८५ मिलिमीटर असतो.

घरात साठलेले पॉलिएस्टरचे ध्वज लोकांनी कुठे द्यावेत, यासाठी महापालिकांनी प्रभाग कार्यालयांत १६ ऑगस्टपासून महिनाभर झाकणाची पेटी ठेवावी आणि त्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी एका अधिकाऱ्याकडे द्यावी, अशी विनंती आहे.

– काही निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा