पाने मिटली म्हणजे झाड तहानलेले नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील घरातल्या झाडांविषयीच्या प्रश्नोत्तरांत असे उत्तर छापून आले आहे की, प्रेअर प्लांट म्हणजेच मरांटाची पाने संध्याकाळी उभी राहून मिटतात ती पाणी कमी पडल्यामुळे, तेव्हा त्याच वेळी झाडाला पाणी घालावे. हे उत्तर चुकीचे तर आहेच, पण ते तंतोतंत पाळणाऱ्याच्या हातून झाड जाण्याचीही शक्यता आहे. कारण पाने रोज संध्याकाळी मिटणार आणि वाचक रोज संध्याकाळी कुंडीत पाणी ओतणार. सतत चिखल राहिलेल्या मातीत मरांटाची मुळे कुजतात, आणि मुळे कुजू लागली की पाने खरोखरच मलूल दिसतात, ज्यावर पुन्हा पाण्याचाच इलाज केला जातो.

तहान आणि रात्रीची हालचाल यांतला फरक पान जवळून पाहिले तर सहज कळतो. रात्री मिटलेले पान सपाटच असते. त्याचे संपूर्ण पाते देठाशी कोन बदलून वर उचललेले असते, आणि बोट लावले तर ते ताठ लागते. पाणी कमी पडलेल्या पानाच्या कडा मात्र आत वळतात, पाते लांबीच्या दिशेने सुरळीसारखे गुंडाळू लागते, आणि हे भर दुपारीही दिसते.

पाते देठाला जिथे मिळते तिथे एक आखूड, किंचित फुगीर सांधा असतो. सगळी हालचाल या सांध्यातून होते. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम व क्लोराइडचे आयन (विद्युतभारित कण) बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणीही जाते आणि ती बाजू सैल पडते. त्याच वेळी समोरच्या बाजूच्या पेशी पाणी घेऊन फुगतात व पाते वर ढकलतात. सकाळी हाच क्रम उलटा होतो. यात नवी वाढ काहीच होत नसल्यामुळे पूर्ण वाढलेले पानही ही हालचाल रोज करू शकते. थोडक्यात, पान उभे राहते ते पेशी पाण्याने पुरेशा ताठ असल्यामुळे, पाणी संपल्यामुळे नव्हे.

अंधार पडला म्हणून पान मिटते, हे नेहमीचे स्पष्टीकरणही अपुरे आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ द मेराँ यांनी 1729 मध्ये दिवसा पाने उघडणारे एक झाड (बहुधा लाजाळू) अंधारात ठेवले, तरी त्याची पाने उघडत आणि मिटत राहिली. गंमत म्हणजे झाडाच्या आत घड्याळ असेल, हा निष्कर्ष खुद्द त्यांनी काढला नाही. झाडाला न पाहताही सूर्य जाणवत असावा, असे त्यांना वाटले. पुढे 1832 मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी दाखवले की, सतत एकसारख्या परिस्थितीत ठेवलेल्या लाजाळूचे चक्र नेमके 24 तासांचे नसून 22 ते 23 तासांचे असते. सूर्याचीच जाणीव पानांना हलवत असती, तर चक्र असे पुढे सरकले नसते. हे जैविक घड्याळ झाडाचे स्वतःचे आहे. प्रकाश ते रोज जुळवून देतो.

घरात ठेवलेल्या झाडाच्या दृष्टीने द कांदोल यांचा दुसरा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी झाडांना रात्री दिव्यांचा उजेड आणि दिवसा अंधार दिला, तेव्हा काही दिवसांत त्यांचे वेळापत्रक उलटे झाले. ज्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत दिवे जळतात, तिथले मरांटा उशिरा मिटले किंवा अर्धवटच मिटले, तर रोग शोधण्याआधी दिव्याकडे पाहावे. हे मूळचे ब्राझीलच्या जंगलात, उंच झाडांच्या सावलीत जमिनीलगत वाढणारे झाड आहे. त्याला भरपूर पण आडोशाचा उजेड मानवतो, थेट उन्हात पानांचा रंग फिका पडतो, आणि रात्री अंधार मिळावा ही त्याची अपेक्षा वाजवीच म्हटली पाहिजे.

अशा हालचालीचा झाडांना उपयोग काय, यावर मात्र एकमत नाही. मोकळ्या आकाशाखाली पानांची उष्णता निघून जाऊ नये म्हणून ती मिटत असावीत, असे डार्विन यांनी 1880 मध्ये मांडले, आणि पाने आडवी बांधून ठेवली तर ती थंडीने अधिक करपतात हेही प्रयोगाने दाखवले. घट्ट छायेत वाढणाऱ्या मरांटाला हे कारण कितपत लागू पडते, याविषयी मी साशंक आहे.

आपण पुढील पुरवणीत या उत्तराची दुरुस्ती छापावी, आणि पाणी केव्हा घालावे याचा निकष म्हणून पानांच्या वेळापत्रकाऐवजी मातीचा वरचा थर बोटाने तपासून, तो सुकू लागल्यावरच पाणी घालण्यास सांगावे, ही विनंती. कुंडीच्या तळाला पाणी निघून जायला छिद्र असावे, हेही त्यातच यावे.

कळावे,
आपली एक वाचक