स्टीली डॅन कसं ऐकायचं

लॉस एंजेलिस
रविवार, सकाळ

ती. काका आणि काकूंना,
सा. न. वि. वि.

ओंकारने परवा फोनवर दोन प्रश्न विचारले. स्टीली डॅनची गाणी कानाला इतकी स्वच्छ का लागतात, आणि एकाच बँडच्या दर गाण्यात गिटारवाला, ड्रमवाला वेगळा कसा? दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण फोनवर सांगण्याजोगं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. काका, तुम्ही स्पूलच्या टेपा ब्लेडने कापून जोडल्या आहेत, त्यामुळे टेपेचा भाग तुमच्यासाठी. तालाचा भाग ओंकारने तबला समोर घेऊन वाचावा.

हा बँड म्हणजे मुळात दोन माणसं: डोनल्ड फेगन (गायन, पियानो) आणि वॉल्टर बेकर (बेस, नंतर गिटार). दोघं 1967 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात भेटले. दोघांचे कान जॅझवर तयार झालेले, आणि गाणी विकायची होती रॉक-पॉपच्या बाजारात. गॅरी कॅट्झ या निर्मात्याने त्यांना लॉस एंजेलिसला एबीसी रेकॉर्ड्समध्ये पगारी गीतकार म्हणून आणलं. पण त्यांची गाणी दुसऱ्या गायकांना झेपेनात, म्हणून स्वतःचाच बँड उभा केला: डेनी डायस आणि जेफ बॅक्स्टर गिटारवर, जिम हॉडर ड्रमवर, काही गाण्यांना डेव्हिड पामरचा गळा.

पहिली रेकॉर्ड 1972 ची, 'कान्ट बाय अ थ्रिल'. तिच्यातलं 'डू इट अगेन' आधी लावा. डेनी डायसने त्यात इलेक्ट्रिक सितार वाजवली आहे. ती खरी सतार नव्हे, गिटारच. फक्त घोडी चपटी असते, त्यामुळे तार तिच्यावर घासून जवारीसारखी झणझणते. मींड मात्र आपल्या सतारीसारखी निघत नाही, आणि डायसने तसा आवही आणलेला नाही. त्याच रेकॉर्डवरच्या 'रीलिन इन द इयर्स'मधली गिटार एलियट रँडलची. तो बँडमध्ये नव्हता, बाहेरून बोलावलेला. पुढे जे सगळं घडलं त्याचं बी इथेच आहे.

1974 च्या 'प्रेट्झल लॉजिक'वरचं 'रिकी डोन्ट लूज दॅट नंबर' हे त्यांचं सर्वांत चाललेलं गाणं, अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलेलं. सुरुवातीची बेसची चाल जॅझ पियानिस्ट होरेस सिल्व्हरच्या 'साँग फॉर माय फादर'वरून आली आहे. दोन्ही लागोपाठ लावली की पहिल्या काही सेकंदांत कळतं. याच रेकॉर्डवर ड्यूक एलिंग्टनची 1920 च्या दशकातली एक रचना आहे. तिच्यातला ट्रॉम्बोनचा भाग बॅक्स्टरने पेडल स्टील गिटारवर (आडवी ठेवून वाजवतात ती) काढला. नक्कल इतकी बारकाईने केलेली, की जॅझशी त्यांचं नातं वरवरचं नव्हतं हे या एका तुकड्यावरून पटावं.

त्या वर्षी जुलैमध्ये सांता मोनिकात शेवटचा कार्यक्रम करून त्यांनी दौरे बंद केले. बँडचं पोट दौऱ्यांवर चालतं. दौरे थांबले तसे बॅक्स्टर आणि हॉडर निघून गेले. बेकर-फेगननी त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. आता प्रत्येक गाण्याला त्याच्या स्वभावाचा वादक बोलवायचा. काका, मुंबईच्या सिनेमा स्टुडिओत गोव्याच्या वादकांना असंच बोलावत, चाल बघून ट्रम्पेटवाला किंवा व्हायोलिनवाला ठरे. फरक इतकाच की तिथे शिफ्ट संपायच्या आत गाणं पुरं व्हावं लागे, आणि यांना शिफ्टचं बंधन नव्हतं. ओंकारच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच: बँड मोडला म्हणून गाणी अशी झाली.

या पद्धतीतली पहिली रेकॉर्ड, 1975 ची 'केटी लाइड', मात्र यंत्राने घात केलेली आहे. टेपची खरखर कमी करायला त्यांनी डीबीएक्स यंत्रणा वापरली. रेकॉर्ड करताना ती आवाजातला चढउतार निम्म्यावर आणते आणि वाजवताना तो दुप्पट करून मूळ जागी नेते. दोन्ही टोकं तंतोतंत जुळली तरच मूळ आवाज परत मिळतो. टेपेच्या पातळीत एक डेसिबलची चूक असेल तर बाहेर येताना ती दोन डेसिबलची होते, आणि ती खालच्या-वरच्या सगळ्या सुरांत सारखी नसेल तर झांजा मंद पडतात, श्वास घेतल्यासारखा आवाज वरखाली होतो. मिक्स झालेल्या (सगळी वाद्यं जुळवून एकत्र केलेल्या) टेपा परत लावल्या तेव्हा आवाज उतरलेला निघाला. डायसने खटपट करून जमेल तेवढं सावरलं, पण बेकर आणि फेगनना ती रेकॉर्ड पुढे ऐकवत नसे. मला ती सदोषच ऐकावीशी वाटते, कारण वीस वर्षांच्या जेफ पोर्कारोचा ड्रम आणि 'डॉक्टर वू'मधला फिल वुड्सचा सॅक्सोफोन त्या धुक्यातूनही लख्ख येतो.

1976 च्या 'द रॉयल स्कॅम'वर 'किड शार्लमेन' आहे. त्यातला लॅरी कार्लटनचा गिटार सोलो ओंकारने पाठ करावा, वाजवायला नव्हे, गुणगुणायला. रॉकचा गिटारवाला सहसा एका स्केलमध्ये फिरतो; कार्लटन कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरांचा गट) बदलेल तसे स्वर बदलतो, जॅझवाल्यासारखे, पण आवाज रॉकचा ठेवतो.

आता 'एजा'. इंग्रजी स्पेलिंगवरून आपण 'आजा' वाचू, पण उच्चार आशिया खंडाच्या इंग्रजी नावासारखा आहे. सप्टेंबर 1977, सात गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं. बरंचसं काम इथल्याच पश्चिम लॉस एंजेलिसमधल्या व्हिलेज रेकॉर्डर स्टुडिओत झालं. ती इमारत पूर्वी फ्रीमेसन या बंधुसंघाचं सभागृह होती. पद्धत अशी: आधी पियानो, बेस, ड्रम, गिटार अशी मंडळी एकत्र बसून पाया वाजवत. गाणं नाही बसलं तर दुसऱ्या दिवशी तेच गाणं वेगळ्या मंडळींकडून. पाया पसंत पडला की त्यावर बाकीची वाद्यं एकेक करून चढवायची, आणि सोलो शेवटी. दोन इंची टेपेवर 24 ट्रॅक (शेजारी शेजारी स्वतंत्र ध्वनिपट्ट्या), त्यामुळे नको ते पुसून त्याच जागी नवं घ्यायची सोय. रॉजर निकल्स त्यांचा कायमचा ध्वनिमुद्रक. त्याच्यासोबत एलियट शायनर, अल श्मिट आणि बिल श्नी यांना त्या वर्षीचं ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं.

'पेग'चा गिटार सोलो ही या पद्धतीची कसोटी. एकापाठोपाठ एक नावाजलेले गिटारवाले येऊन वाजवून गेले आणि सगळे पुसले गेले. शेवटी जे ग्रेडनचा राहिला. कारण ऐकताना कळतं. कडव्याखाली सांगाडा साध्या बारा बारच्या (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) ब्लूजचा आहे, पण प्रत्येक कॉर्डच्या जागी दोन कॉर्डची जोडी बसवलेली. नुसतं ब्लूज वाजवलं तर ओबडधोबड वाटतं, नुसतं जॅझ वाजवलं तर मजा जाते. ग्रेडन दोन्हींच्या मधून तार ओढत जातो. त्याच गाण्यात मागे गाणारा पुरुषी आवाज मायकल मॅक्डोनल्डचा. एकट्याने कॉर्डचा एकेक स्वर वेगळ्या ट्रॅकवर गायला आहे. स्वर एकमेकांना इतके चिकटून आहेत की आधी गायलेला स्वर कानात असताना शेजारचा धरणं फार अवघड. सूर तिकडे ओढला जातो. ओंकार, तानपुऱ्यावर सा चालू ठेवून कोमल रे दहा सेकंद अचल लावून बघ, म्हणजे अंदाज येईल. बेसवाल्या चक रेनीला तारा थापटून वाजवू नकोस म्हणून सांगितलं होतं. त्याने त्यांच्याकडे पाठ फिरवून थापटून वाजवलं, आणि ऐकल्यावर दोघांनी तेच ठेवलं.

आठ मिनिटांच्या 'एजा' गाण्यात स्टीव्ह गॅडचा ड्रम आणि वेन शॉर्टरचा टेनर सॅक्सोफोन. हे काम महिनोन्महिने घासून झालेलं नाही. गॅडने नोटेशनचा कागद समोर ठेवून एक-दोन टेकमध्ये (सलग वाजवण्याच्या प्रयत्नांत) दिलं. परिपूर्णतेचा हट्ट म्हणजे शंभर वेळा घेणं, असा समज या बँडबद्दल पसरला आहे, तो मला चुकीचा वाटतो. हट्ट होता तो निवडीचा. योग्य माणूस आला की ते लगेच थांबत.

ओंकारसाठी ताल. 'होम ॲट लास्ट' लाव. बर्नार्ड पर्डीचा हा ठेका त्याच्याच नावाने ओळखला जातो. चार ठोके धर, प्रत्येकाचे तीन भाग कर, म्हणजे बारा मात्रा. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) प्रत्येक तिनातल्या पहिल्या आणि तिसऱ्या भागावर: 1, 3, 4, 6, 7, 9, 10, 12. उरलेल्या 2, 5, 8, 11 वर स्नेअरची (ड्रमसंचातला करकरीत आवाजाचा छोटा ढोल) अगदी हलकी टिचकी, ऐकू येण्यापेक्षा जाणवणारी. आणि 7 वर स्नेअरचा एकच जोरदार ठोका. चूक कुठे होते? नवखा हलक्या टिचक्या मोठ्या मारतो, मग 7 ची जागा हरवते आणि ठेका दादऱ्यासारखा गोल फिरायला लागतो. तबल्यावर करायचं तर टिचक्यांना चाटीवर फक्त बोटाचं टोक ठेव, आणि 7 ला खणखणीत ता. आधी सावकाश, टिचक्या ऐकू न येता लय हलली पाहिजे.

काकू, हार्मोनियमवर तुम्हीही एक करून बघा. सा, ग, प एकदम दाबा. मग त्यात त्याच सप्तकातला रे घाला, ग च्या अगदी शेजारी. रे आणि ग एकमेकांना घासतात, पण भांडत नाहीत. हा त्यांचा लाडका कॉर्ड, 'म्यू' नावाने ओळखला जातो. नि मात्र घालायचा नाही. नि आला की तो जॅझमधला नेहमीचा कॉर्ड होतो. रे वरच्या सप्तकात नेला तर घासणं जातं आणि रंगही जातो.

1980 च्या 'गाउचो'ला दोनेक वर्षं लागली, आणि इथे निवड जिवावर आली असं मला वाटतं. चाळीसहून अधिक वादक. शीर्षकगीताचा ड्रम पोर्कारोच्या 46 टेकमधले तुकडे जोडून तयार झाला. 'बॅबिलॉन सिस्टर्स'चा शेवट मंद होत जातो, तेवढ्याचं मिक्स पन्नासवर वेळा केलं. 'डायर स्ट्रेट्स' बँडच्या मार्क नॉप्फलरने तासन्‌तास वाजवलेल्यापैकी मिनिटभरही ठेवलं नाही. ठेक्यातली सूक्ष्म चलबिचलही त्यांना नको झाली, तेव्हा निकल्सने 'वेंडेल' नावाचं यंत्र बांधलं. ते कृत्रिम ढोलाचे आवाज काढत नसे. खऱ्या ड्रमरने मारलेला ठोका अंकांत साठवून हव्या त्या क्षणी वाजवत असे. त्यावर दीड लाख डॉलर खर्च झाल्याचं निकल्सने सांगितलं आहे. 'हे नाइन्टीन' त्यावर आहे. ऐकताना बोट ठेवायला चूक सापडत नाही, आणि मला 'होम ॲट लास्ट'ची आठवण येत राहते.

काका, पुढची गोष्ट तुम्हाला लागेल. 'द सेकंड अरेंजमेंट' नावाचं जवळजवळ पूर्ण झालेलं गाणं स्टुडिओतल्या एका सहायकाच्या हातून चुकून पुसलं गेलं, सुमारे तीन चतुर्थांश. पुन्हा वाजवून पाहिलं, पहिल्यासारखं होईना, म्हणून सोडून दिलं. निकल्सकडे त्याच्या मिक्सची कॅसेट होती. तो 2011 मध्ये गेला, आणि त्याच्या पश्चात घरच्यांना ती सापडल्यामुळे आज गाणं ऐकता येतं. त्याच वेळी 'गाउचो' गाणं आपल्या रचनेवरून घेतल्याचा दावा पियानिस्ट कीथ जॅरेटने लावला, आणि त्याचं नाव सहसंगीतकार म्हणून घालावं लागलं. बेकरचा मॅनहॅटनमध्ये गाडीच्या धडकेने पाय मोडला. 1981 मध्ये दोघं वेगळे झाले.

नंतरचं थोडक्यात. फेगनची 1982 ची 'द नाइटफ्लाय' पूर्ण डिजिटल मुद्रणावर झाली, तिच्यातलं 'आय. जी. वाय.' मैफिलीतले ध्वनिव्यवस्थापक स्पीकर जुळवायला लावतात. 1993 ला दोघं पुन्हा दौऱ्यावर निघाले. 2000 च्या 'टू अगेन्स्ट नेचर'ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसह चार ग्रॅमी, 2003 ला शेवटची रेकॉर्ड. बेकर 3 सप्टेंबर 2017 ला गेला. फेगन त्याच नावाने कार्यक्रम करत राहिला.

ऐकण्याची व्यवस्था अशी ठेवा. फोनमधला इक्वलायझर आणि बास वाढवणारी बटणं बंद. शक्यतो सीडीच्या दर्जाचं, न दाबलेलं ऑडिओ. काकांच्या जुन्या स्पीकरांत दोघांमध्ये जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर समोर बसायचं, म्हणजे समभुज त्रिकोण होतो. 'डीकन ब्लूज' लावा. पीट क्रिस्टलिबचा सॅक्सोफोन येईपर्यंत आवाज तोच ठेवा, वाढवू नका. ब्रासचे वादक वेगवेगळे उभे दिसले पाहिजेत. सगळे एका ढिगात वाटले तर स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घ्या. सीडी घेणार असाल तर 1999 च्या सुमारास निकल्सने पुन्हा तयार केलेली. 'एजा'च्या त्या सीडीच्या पुस्तिकेत बेकर-फेगननी 'ब्लॅक काऊ' आणि 'एजा' या दोन गाण्यांच्या हरवलेल्या मल्टीट्रॅक टेपा आणून देणाऱ्याला 600 डॉलरचं बक्षीस लावलं होतं.

ओंकारने पर्डीचा ठेका बसला की फोनवर नुसत्या टिचक्या ऐकवाव्यात, 7 चा ठोका न मारता. लय तेवढ्याने कळली तर बसला म्हणायचा.

तुमचा,
मिलिंद