बदकाला हाकललं त्याची गोष्ट

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ‘अजून त्या कार्टूनच्या गावातच राहतोस का रे?’ हो, राहतोय. पण गेल्या रविवारपासून तिथे पाय टाकायची लाज वाटतेय आणि घरात सांगायची सोय नाही. बायको म्हणेल, एका बदकाला हाकललं म्हणून एवढं तोंड पाडून बसलायस?

बदकच आहे तो. सेकंड लाइफ या ऑनलाइन जगात हवं ते रूप घेता येतं, आणि वेल्सचा हा निवृत्त बसड्रायव्हर गेली चार वर्षं पिवळं बदक होऊन फिरतो. आमच्या किनाऱ्यावर शेकोटी आहे. इथे रात्रीचे साडेनऊ वाजले की कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ. तेच तिथलं अधिकृत घड्याळ. तेव्हा पाच-सहाजण जमतो आणि एकमेकांची यथेच्छ उतरवतो. अगदी आपल्या हॉस्टेलच्या गॅलरीसारखं, फक्त चहा ज्याचा त्याने करायचा.

त्या दिवशी त्याने स्वतः बांधलेली होडी आणली होती. मी म्हटलं, ही होडी आहे की उलटी ठेवलेली परात? तो म्हणाला, तुझ्या केसांवरून घसरून पडेल, सांभाळ. असं दहा मिनिटं चाललं. शेवटी त्याने लिहिलं, ‘जा, बुडून मर एकदाचा.’

आता गंमत बघ. तिथे साधं बोलणं वीस मीटरपर्यंतच पोचतं. एक नवीन बाई वाळूवरून चालत येत होती. ती नेमकी त्या वीस मीटरांत शिरली आणि तिच्या कानावर पडलं ते एवढंच वाक्य. परातीचं, केसांचं काहीच नाही. तिला वाटलं, आपल्यालाच म्हणाला. तिने तक्रार केली, त्या किनाऱ्याच्या मालकीणबाई धावत आल्या, आणि बॅन करायचा अधिकार त्यांनी दिलाय मला! मस्करीची कुस्करी म्हणतात ती हीच.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं की सुरुवात माझी आहे. बोललो नाही. नियम दाखवला, बटण दाबलं, बदक किनाऱ्यावरून नाहीसं झालं. तीन दिवसांची बंदी. हॉस्टेलमध्ये रेक्टर आले की पत्ते दुसऱ्याच्या गादीखाली सरकवायचो ना, तोच मी. वय पन्नास.

नंतर अपराधी मनाने जुनं बरंच वाचत बसलो. २००६च्या सुमारास तिथे शिक्षा म्हणून माणसाला मक्याच्या एका शेतात नेऊन टाकायचे. जवळ एक ट्रॅक्टर, बाकी चहूकडे मका. माझ्या बदकाला निदान तेवढं तरी मिळायला हवं होतं. त्याही आधी लॅम्डामू नावाचं निव्वळ अक्षरांचं जग होतं, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या पावेल कर्टिसने १९९० मध्ये उभं केलेलं. १९९२च्या डिसेंबरात त्याने जाहीर केलं की आम्ही फक्त यंत्रणा सांभाळू, भांडणं तुमची तुम्ही मिटवा. पुढे अर्ज आले, मतदान आलं. आणि १९९६ मध्ये कारभाऱ्यांनीच कबूल केलं की सामाजिक निर्णयांपासून हात झटकणं आपल्याला जमलेलं नाही. वाचून थोडं बरं वाटलं, पण थोडंच. त्यांची भांडणं मोठी होती रे. मला फक्त ‘मी चिडवलं’ एवढे दोन शब्द टाइप करायचे होते.

त्या नवीन बाईंना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, त्या वाक्याआधीचा मजकूर पाठवला. त्या हसल्या. ‘परात’ म्हणजे काय, हे समजावण्यातच अर्धा तास गेला. मालकीणबाईंनी लगेच बंदी उठवली.

बदक गुरुवारी आलं. सगळ्यांना नमस्कार केला, मलाही. मी मुद्दाम होडीचा विषय काढला. ‘हो, जरा वाकडीच झालीय,’ म्हणाला, आणि गप्प. दोनदा ‘थँक यू’ म्हणाला मला! चार वर्षांत कधी म्हणाला नव्हता.

तू ये या रविवारी. जुना पासवर्ड गेला असेल तर नवीन खातं उघड, फुकट आहे. आणि आल्या आल्या सगळ्यांसमोर माझी चांगली खरडपट्टी काढ, होडीवाल्याला ऐकू जाईल इतक्या जवळ उभा राहून.

तुझा,
विन्या